हटन गेला तो शनिवार

माझ्या नवऱ्याचा कोच गेला. म्हणजे माणूस धडधाकट आहे, त्यानं फक्त नोकरी बदलली. पण नोव्हेंबरच्या त्या शेवटच्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये कोणी नवखं माणूस आलं असतं, तर त्याला वाटलं असतं की घरात कोणीतरी गेलंय आणि मंडळी भेटायला आली आहेत.

माझा नवरा पद्माकर आणि त्याचे मित्र मोहन भाऊजी यांनी वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत हॅलोवे स्टेट नावाच्या विद्यापीठात एम.एस. केलं. त्यानंतर सात वर्षं दोघं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिले. रांग हलेना, तेव्हा कंटाळून जर्मनी गाठली आणि स्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत लागले. ग्रीन कार्ड राहिलं ते राहिलंच, पण तिथलं कॉलेज फुटबॉल अंगाला चिकटलं ते काही सुटलं नाही. हे इथलं पायानं खेळायचं फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू बगलेत मारून पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर पडायचं. खेळतात कॉलेजची पोरं, आणि गोळा येतो सात हजार किलोमीटरवर बसलेल्या पंचेचाळिशीच्या इंजिनिअरांच्या पोटात.

तिसरा हृषिकेश. हा स्टुटगार्टमध्येच फायहिंगनला काँट्रॅक्टवर काम करतो आणि त्यानं अमेरिकेचा विमानतळसुद्धा पाहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मिसळ खायला आला, समोर मॅच चालू होती, तेव्हापासून तोही हॅलोवेवाला. बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात ते उगीच नाही.

त्या दिवशीची बातमी अशी होती. हॅलोवेचे हाडवैरी म्हणजे कार्डिंग्टन. त्यांनी नवा हेड कोच जाहीर केला, आणि तो निघाला आमचा हटन. हा हटन हॅलोवेमध्ये अकरा वर्षं बचावाच्या फळीचा कोच होता. या अकरा वर्षांत हेड कोचची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरचा माणूस आणला गेला. दुसऱ्यानं यंदा बारापैकी नऊ मॅच हरून दाखवल्या. हटननं बॅग भरली आणि चाळीस मैलांवर शत्रूच्या घरी जाऊन मोठ्या खुर्चीत बसला.

मी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होते. सकाळी दहा ते एक मंडळाच्या शाळेत शिकवून आले होते, घसा बसला होता, पाय दुखत होते. तीन वाजता मोहन भाऊजी आणि हृषिकेश येऊन टेकले. पोहे झाले, चहा झाला, दुसरा चहा गॅसवर होता. आणि चमच्यांच्या खणात, चाळणीच्या खाली, चार दिवसांपासून एक पाकीट पडून होतं.

त्या पाकिटात माझा राजीनामा होता.

आमचं नेकर मराठी मंडळ म्हणजे रीतसर नोंदवलेला जर्मन फेराइन, म्हणजे नोंदणीकृत संस्था आहे. घटना आहे, कार्यकारिणी आहे, इतिवृत्त आहे. मोहन भाऊजी अध्यक्ष, हृषिकेश खजिनदार, पद्माकर चिटणीस. मंडळाची शनिवारची मराठी शाळा मी नऊ वर्षांपूर्वी सुरू केली. तेव्हा चार मुलं होती, त्यातली एक आमचीच स्वानंदी. आज एकतीस मुलं आहेत. स्वानंदी आता सोळा वर्षांची आहे आणि माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, ते सोडा.

या जूनमध्ये कार्यकारिणीनं ठरवलं की शाळेला आता मुख्याध्यापक हवा. शहराकडून वर्गखोल्या मिळवायच्या तर कागदावर एक नाव लागतं. सभा झाली. हृषिकेशनं सुरेखाचं नाव सुचवलं. सुरेखा ही मोहन भाऊजींची बायको, पुण्यात बी.एड. केलेली. टाळ्या वाजल्या. मी त्या वेळी शेजारच्या खोलीत मुलांना खिचडी वाढत होते. माझी सुरेखाबद्दल तक्रार नाही, बाई गोड आहे. पण शाळेत तिनं पहिल्यांदा पाऊल टाकलं तेच मुख्याध्यापिका म्हणून, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी ती मला फोन करून विचारते की उद्या काय घ्यायचं.

पुढच्या आठवड्यात पद्माकरनं इतिवृत्त सगळ्यांना पाठवलं. त्यात पाचव्या कलमात त्याचं स्वच्छ वाक्य होतं. ‘अन्य नाव सुचवले गेले नाही.’ मी ते बसमध्ये वाचलं. दोनदा वाचलं. पद्माकर त्या सभेत होता, त्याच्या हातात पेन होतं, आणि नऊ वर्षं दर शुक्रवारी रात्री मी जेवणाच्या टेबलावर अक्षरांचे तक्ते कापत बसायचे ते त्यानं समोर बसून पाहिलं होतं. मला फार वाईट वाटलं. घरी आल्यावर मी काही बोलले नाही, कारण त्या दिवशी भांडायचीही ताकद नव्हती. मग ते बोलायचं राहूनच गेलं.

आणि आता शेजारच्या एस्लिंगनच्या मंडळाचं बोलावणं आलं होतं. चार वर्षांपूर्वी गणपतीनंतर हॉल कोणी पुसायचा यावरून आमचं मंडळ फुटलं, त्यातून निघालेली ही मंडळी. आमच्याकडे त्यांचं नाव काढलं तरी मोहन भाऊजींच्या कपाळावर आठी येते. त्यांच्या अध्यक्ष मैथिलीनं मला फोन केला. बावीस मुलं, दोन वर्गखोल्या, आणि मुख्याध्यापिका म्हणून मी. ती म्हणाली, “मीनल, खरं सांगू? तुला कोणी आधी विचारलं नाही यावर माझा विश्वासच बसेना.” फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडल्याची मला लाज वाटली नाही.

अडचण एकच होती. आमची घटना पद्माकरनं लिहिली आहे, आणि त्यासाठी इंटरनेटवर मिळालेली एका ससेपालन मंडळाची घटना त्यानं समोर ठेवली होती. तिथलं एक कलम तसंच राहून गेलं. मूळ कलम असं, की आमच्या मंडळाचा सभासद दुसऱ्या मंडळातर्फे ससे दाखवायला नेणार नाही. सशांच्या जागी त्यानं ‘सांस्कृतिक व शैक्षणिक कार्य’ घातलं आणि पुढे गेला. म्हणजे एस्लिंगनला शिकवायचं तर आधी इथून बाहेर पडायला हवं. राजीनामा कागदावर, सहीनिशी, कारण लिहून, तीस नोव्हेंबरच्या आत मंडळाच्या टपालपेटीत पडायला हवा. नाहीतर पुढचं वर्षभर सुटका नाही. आलेला राजीनामा चिटणीसानं पुढच्या सभेत वाचून दाखवायचा, हेही कलम सशांचंच.

उद्या तीस तारीख होती. मंडळाची टपालपेटी म्हणजे आमच्याच इमारतीत खाली आमच्याच नावाची पेटी. चिटणीस हॉलमध्ये बसून दुसऱ्या चहाची वाट बघत होता.

सगळं लिहून झालं होतं, सहीही होती. फक्त ‘कारण’ या शब्दापुढची जागा चार दिवस कोरी होती. काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आणि खरं तर जावं की नाही तेही ठरत नव्हतं. एकतीस मुलं होती. त्यातला निहार नुकता जोडाक्षरं वाचायला लागला होता. शिवाय मी गेले तर पद्माकरची मोहन भाऊजींशी वीस वर्षांची मैत्री, तिचं काय होईल कोण जाणे. तो माणूस मुळात मित्र जोडणारा नाही. त्याला हा एकच आहे.

चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा मोहन भाऊजी तावातावानं बोलत होते.

“गद्दार आहे, दुसरा शब्द नाही. जायचं तर टेक्ससला जा, कॅलिफोर्नियाला जा. कार्डिंग्टनला? पद्या, आपला सगळा प्लेबुक, सगळे डावपेच त्याच्या डोक्यात आहेत.”

“आल्झो, म्हणजे कसं, कार्डिंग्टनच्या बाजूनं बघितलं तर हायर चांगला आहे,” हृषिकेश म्हणाला. त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला होता. अकरा वर्षांत हटनच्या फळीनं किती धावा, म्हणजे किती यार्ड दिले, ते रंग भरून. “आपण नऊ मॅच हरलो त्यातल्या सहा अटॅकमुळे. डिफेन्स टॉप ट्वेंटीत होता. गेनाऊ, नेमकं म्हणूनच त्यांनी उचलला.”

“मी कुठं म्हणतो वाईट आहे? चांगला आहे म्हणून तर राग येतो,” मोहन भाऊजी म्हणाले. “त्याला काय कमी केलं होतं रे आपण? शेवटच्या होम गेमला दरवर्षी नाव घेऊन उभं करायचे मैदानात. लोक टाळ्या वाजवायचे.”

मला दरवर्षी मराठी दिनाला गुलाबाचं फूल मिळतं. नाव घेऊन.

“टाळ्यांनी काय होतंय?” मी कप ठेवत म्हणाले.

“म्हणजे, वहिनी?”

“दोनदा जागा रिकामी झाली ना. त्याला का नाही दिली?”

मोहन भाऊजी हसले. त्यांना वाटलं मी पाहुणचार म्हणून विचारते आहे. “अहो वहिनी, हेड कोच म्हणजे नुसतं शिकवणं नसतं. बाहेरच्या लोकांशी बोलायचं, देणगीदार सांभाळायचे. त्याला चेहरा लागतो. हटन आपला मैदानावरचा माणूस. तो तिथंच खुलतो.”

“हे त्याला विचारलं होतं का कोणी?”

“आता हे आपल्याला कसं कळणार?” हृषिकेश लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. “पण मीनलताई, पॉइंट आहे. पेपरात आलं होतं की दोन्ही वेळा त्याची मुलाखतसुद्धा झाली नाही. कमिटीत त्याचं नावच आलं नाही.”

पद्माकर कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा मनापासून बोलतो, मी त्याच्याशी लग्न केलं त्याला हेही एक कारण आहे. त्यानं कप हातात धरला आणि खाली बघत म्हणाला, “मला हटनचा राग नाही येत. मला त्या कमिटीतल्या लोकांचा येतो. अकरा वर्षं तो माणूस यांच्या डोळ्यासमोर राबत होता. दहा-बारा जण बसले असतील खोलीत. एकालाही वाटू नये की याचं नाव घ्यावं? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हे.”

“तू असतास तर?” मी विचारलं.

“कुठं?”

“त्या खोलीत. तू असतास तर काय केलं असतंस?”

“म्हणजे काय,” पद्माकर म्हणाला. “उठून उभा राहिलो असतो. सांगितलं असतं, हा घरचा माणूस आहे, याला द्या.”

त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता त्याच्या ध्यानात येईल, आता त्याचा चेहरा बदलेल. तो कपात बिस्कीट बुडवत होता.

मी आत आले. खण उघडला, चाळणी बाजूला केली आणि कागद बाहेर काढला. चार दिवस न सुचलेलं कारण ओट्याशी उभ्या उभ्या सुचलं. ते मला लिहावंही लागलं नाही, उतरवून काढावं लागलं. पाकीट बंद केलं आणि वर लिहिलं, ‘चिटणीस, नेकर मराठी मंडळ’. मग बादली भरली.

त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी आमची होती. स्टुटगार्टमध्ये याला केअरवोखं म्हणतात आणि ते इथे फार मनावर घेतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि शनिवारी अंधार पडायच्या आत जिना चकचकीत झाला नाही तर खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्टाइनले रविवारी सकाळी नुसतं ग्रूस गॉट, म्हणजे नमस्कार म्हणतात, पण अशा आवाजात की आपण मनातून उतरलो हे कळावं. आमच्या घरात ही पाळी दर वेळी माझीच असते. चिटणीसाला कागदाची कामं असतात.

“मी जिना पुसून येते,” मी हॉलमध्ये डोकावून सांगितलं.

“अरे हो, केअरवोखं,” पद्माकर म्हणाला. “मी करू का?”

“बस तू. पाहुणे आहेत.”

तो बसला.

तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी पुसत मी खाली आले. वरून मोहन भाऊजींचा आवाज ऐकू येत होता, पुढच्या वर्षी कार्डिंग्टनला त्यांच्या मैदानावर कसं लोळवायचं ते चाललं होतं. खाली पोचेपर्यंत कंबर धरली. हात पुसले, एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं आणि आमच्या पेटीच्या फटीत सरकवलं. आत पडल्याचा हलका आवाज आला. किल्ली माझ्याच खिशात होती. मनात आणलं असतं तर त्याच क्षणी परत काढता आलं असतं. मी दाराबाहेरची फरशीसुद्धा पुसली, तेवढा वेळ मी स्वतःला दिला. मग बादलीतलं पाणी ओतून वर आले.

साडेसहाला मंडळी उठली. मोहन भाऊजी दारात जोडे घालताना म्हणाले, “वहिनी, पुढच्या शनिवारी सभा आहे, विसरू नका. सुरेखा म्हणत होती ख्रिसमसच्या कार्यक्रमाचं तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही आहात म्हणून तिला काळजी नाही.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

पद्माकर त्यांना पोचवायला एस-बान स्टेशनपर्यंत गेला. येताना तो टपालपेटी बघतो, रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी पोह्यांच्या ताटल्या धुवायला घेतल्या. दार उघडल्याचा आवाज आला, मग नेहमीचा किल्ल्या खुंटीला अडकवल्याचा आवाज आला नाही.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पाकीट न फोडता हातात धरलं होतं.

“हे तुझं अक्षर आहे.”

“फोड. चिटणीसाच्या नावानं आहे.”

त्यानं टेबलाशी बसून नीट कडेनं पाकीट फोडलं. सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपाशी त्याची नजर थांबली आणि तिथंच राहिली. मी लिहिलं होतं, ‘कारण: चौदा जूनच्या सभेत अन्य नाव सुचवले गेले नाही.’

मी नळ बंद केला.

“एस्लिंगन?” त्यानं विचारलं.

“हो.”

“मोहनला काय वाटेल?”

“पहिला प्रश्न हा सुचला तुला,” मी म्हणाले. मला ओरडायचं होतं, पण घसा सकाळपासूनच बसला होता, त्यामुळे ते अगदी साधं बोलल्यासारखं आलं.

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मीनल, मी कसं सुचवणार होतो? मी नवरा. मी चिटणीस. लोक म्हणाले असते, घरातल्या घरात वाटून घेतात. मला वाटलं, दुसरं कोणीतरी म्हणेल. मी वाट बघत होतो. खरंच बघत होतो. कोणी म्हणालं नाही, आणि तोपर्यंत टाळ्या झाल्या.”

“मोहन भाऊजींना म्हणालं का कोणी, घरातल्या घरात?”

आपल्याकडची चांगली माणसं अशीच असतात. दुसऱ्याच्या बायकोला ती वहिनी वहिनी म्हणून डोक्यावर घेतील, सात समुद्रापलीकडच्या कोचसाठी घसा कोरडा करतील, आणि स्वतःच्या माणसाचं नाव घ्यायची वेळ आली की सभ्यपणानं खाली बघतील. त्याला ते खरंच सभ्यपणाचं वाटलं होतं. हेच मला जास्त लागलं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

“हे तू मला तोंडानं सांगितलं असतंस तर,” तो म्हणाला.

“सहा महिने इतिवृत्तात आहे, पद्माकर. तुझ्याच अक्षरात.”

तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि मंडळाची फाइल घेऊन आला. फाइलीत त्याचा शिक्का असतो, ‘प्राप्त’ म्हणून, खाली तारखेची चाकं असलेला. हा शिक्का त्यानं हौसेनं ऑनलाइन मागवला होता आणि आतापर्यंत तो हॉलच्या भाड्याच्या पत्रांवरच उठला होता. त्यानं चाकं फिरवून एकोणतीस आणली. मला क्षणभर वाटलं, तो कागद बाजूला ठेवेल, म्हणेल की आज राहू दे, परवा बघू. परवा एक तारीख होती. सगळं त्याच्या हातात होतं. तसं त्यानं केलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

त्यानं शिक्का मारला. खाली सही केली, वेळ लिहिली, सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. मग कागद फाइलीत लावताना त्याचा हात थांबला.

“हे मला शनिवारी वाचून दाखवावं लागेल,” तो म्हणाला.

“हो. कलम आहे.”

“कारणासकट.”

“कारणासकट.”

“मोहन असेल. सुरेखा असेल. सगळे असतील.” तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला वाटलं की तो खरंच माझ्याकडे बघतोय. “सगळ्यांसमोर मला हे वाक्य वाचावं लागेल, मीनल.”

मी ताटली पुसून रॅकमध्ये ठेवली. मला त्याची दया आली होती, पण मी फार दमले होते.

“उठून उभं राहायला नको, बसून वाचलंस तरी चालेल,” मी म्हणाले.